एकतीस-शून्य

११ एप्रिल २००१ रोजी ऑस्ट्रेलियातील कॉफ्स हार्बर या गावी विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला एक फुटबॉल सामना झाला. सामना संपला तेव्हा मैदानावरच्या फलकावर यजमानांच्या नावापुढे ३२ हा आकडा होता. नंतर पंचांच्या नोंदी ताडून पाहता तो ३१ निघाला. गोल इतक्या वेगाने होत होते की मोजणाऱ्याचाच हिशेब चुकला. समोर अमेरिकन सामोआ हा प्रशांत महासागरातील चिमुकल्या बेटांचा संघ होता, जागतिक क्रमवारीत अगदी तळाचा. मध्यंतरापर्यंत १६ आणि नंतर १५, असे हे ३१ गोल. त्यांपैकी १३ एकट्या आर्ची थॉम्पसनचे होते. आंतरराष्ट्रीय सामन्यात एका खेळाडूने इतके गोल करण्याचा हा विक्रम ठरला. दोनच दिवसांपूर्वी याच ऑस्ट्रेलियाने टोंगाला २२-० असे हरवले होते.

या सामन्याची आठवण निघाली की एक प्रश्न ठरल्यासारखा येतो. दहा गोलांनंतर, निदान पंधरा गोलांनंतर तरी, थांबायला नको होते का? निकाल लागून गेल्यावरही गोल चढवीत राहणे हे खिलाडूपणाला सोडून नव्हे काय? प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा असा असतो की उत्तर त्याने आधीच ठरवलेले आहे. त्या उत्तराशी आमचे पटत नाही. पण ‘खेळ आहे, हरणारे हरणारच’ असे म्हणून खांदे उडवणाऱ्यांशी तर मुळीच पटत नाही. त्यामुळे हा विषय जरा उकलून पाहावा असे वाटते.

प्रथम एक साधी गोष्ट. ‘थांबणे’ ही क्रिया सगळ्या खेळांत सारखी उपलब्ध नसते. कुस्तीत पाठ टेकली, मल्ल चितपट झाला, की विषय संपला. पडलेल्याला पुन्हा पुन्हा पाडण्याची सोयच नाही. गुणांवर चालणाऱ्या फ्रीस्टाइल कुस्तीतही दहा गुणांची आघाडी झाली की पंच लढत थांबवतात. बुद्धिबळात हरणारा स्वतःच राजा आडवा करतो आणि हस्तांदोलन करून उठतो. त्यात कमीपणा तर नाहीच, उलट उगाच रेटत बसणाऱ्यालाच नावे ठेवतात. खो-खोत एक डाव राखून जिंकता येते. क्रिकेटमध्ये, निदान अनेक दिवसांच्या क्रिकेटमध्ये, डाव घोषित करण्याचा अधिकार कर्णधाराच्या हाती असतो. म्हणजे या सर्व खेळांनी, ‘पुरे’ कधी म्हणायचे याचा विचार आपापल्या परीने करून ठेवलेला आहे. फुटबॉलने तो केलेला नाही. नव्वद मिनिटे म्हणजे नव्वद मिनिटे. जिंकणाऱ्याला डाव सोडता येत नाही आणि हरणाऱ्याला राजा आडवा करता येत नाही. संघात सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना थांबतो हे खरे, पण मानाने माघार घेण्याची ती काही वाट नव्हे. जे काम इतर खेळांत नियम करतात ते फुटबॉलमध्ये बावीस माणसांच्या सदसद्विवेकावर येऊन पडते, आणि तेही दम लागलेला असताना, हजारो लोक ओरडत असताना. आम्हांला वाटते की या खेळातल्या नैतिक गोंधळाचे मूळ पुष्कळसे इथेच आहे.

बरे, थांबायचे ठरवले तर थांबायचे कसे? पहिला नेहमीचा सल्ला असा की मुख्य खेळाडू बाहेर बसवा आणि राखीव खेळाडूंना उतरवा. कॉफ्स हार्बरला ते जवळजवळ झालेलेच होते. व्हिडुका, क्यूवेल यांसारखे युरोपात नाव कमावलेले खेळाडू त्या संघात नव्हतेच. पण राखीव खेळाडू हा सर्वांत भुकेलेला खेळाडू असतो, हे हा सल्ला देणारे विसरतात. ज्याला वर्षातून एकदा संधी मिळते त्याने आठव्या गोलनंतर चेंडू बाजूला टोलवावा अशी अपेक्षा करणे म्हणजे, ज्याच्या ताटात प्रथमच पुरणपोळी पडली त्याला उपासाचे महत्त्व सांगणे होय. थॉम्पसनने तेरा गोल केले ते मस्तवालपणाने नव्हे. त्याला संघातली आपली जागा पक्की करायची होती, असे आम्हांला वाटते. सामन्यानंतर तोच म्हणाला की विक्रम हे माझे स्वप्न होते खरे, पण समोर कोणते संघ आहेत हे पाहून प्रश्न विचारायला हवेत, असे सामने खेळण्याची गरज नाही. त्या सामन्यावर झालेल्या सगळ्या टीकेत आम्हांला सर्वांत नेमके वाटलेले हे वाक्य आहे, आणि ते तेरा गोल करणाऱ्याच्या तोंडचे आहे.

दुसरा सल्ला असा की चेंडू आपापसांत फिरवत राहा, गोल करू नका. हा दिसायला सौम्य दिसतो. पण मैदानावर त्याचे रूप काय होते? अकरा सराईत माणसे चेंडू इकडून तिकडे ढकलीत आहेत आणि दमलेली पोरे त्यामागे धावत आहेत. चेंडू मिळत नाही आणि समोरच्याला तो गोलातही घालायचा नाही. हे मांजराने उंदराला खेळवण्यासारखे आहे. गोल खाणाऱ्याला निदान इतके कळते की समोरचा आपल्याशी सामना खेळत होता. ज्याच्यावर दया केली जाते त्याला तेवढेही उरत नाही.

आणि न खेळण्याची परंपरा फुटबॉलमध्ये काही उजळ नाही. २५ जून १९८२ रोजी स्पेनमधील गिहॉन येथे पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया समोरासमोर आले. अल्जीरियाचे सामने आदल्या दिवशीच संपले होते. त्यामुळे जर्मनी एक वा दोन गोलांनी जिंकला तर दोन्ही शेजारी पुढे जातात आणि अल्जीरिया बाहेर पडतो, हे गणित सर्वांना पाठ होते. दहाव्या मिनिटाला जर्मनीने गोल केला आणि त्यानंतर उरलेला वेळ दोन्ही संघांनी चेंडूशी चाळा करण्यात घालवला. त्या दिवशी गिहॉनच्या प्रेक्षकांनी शिट्ट्या घातल्या, नोटा फडकावल्या. याच अल्जीरियाने त्या स्पर्धेत जर्मनीला २-१ असे हरवलेले होते. पुढच्या विश्वचषकापासून गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवण्याची पद्धत सुरू झाली ती या लाजिरवाण्या प्रकारामुळे. विश्वचषकाच्या इतिहासात बदनाम झालेले सामने आठवू लागलो तर हा फार वरच्या क्रमांकावर येतो, आणि त्यात एकच गोल झालेला आहे.

तेव्हा आकडा हे अपराधाचे माप नव्हे, इतके तरी मान्य व्हावे. मग माप कोणते?

इथे ‘फुटबॉल’ या शब्दाचा अमेरिकेतला अर्थ घ्यावा लागेल. तिकडचा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात धरून धावण्याचा धसमुसळा खेळ. निकाल लागल्यावरही गुण चढवीत राहण्याची चर्चा तिथे जितकी जुनी आहे तितकी दुसरीकडे कुठे नसावी. ७ ऑक्टोबर १९१६ रोजी अटलांटा येथे जॉर्जिया टेक या संस्थेच्या संघाने टेनेसीतील कंबरलँड महाविद्यालयाला २२२-० असे हरवले. कंबरलँडने त्या वर्षी आपला फुटबॉल संघ बंदच केला होता. पण आधी ठरलेला हा सामना खेळला नाही तर तीन हजार डॉलर्सचा दंड बसणार होता, आणि १९१६ साली ही रक्कम लहान महाविद्यालयाचे कंबरडे मोडणारी होती. म्हणून विद्यार्थ्यांमधून मिळतील ते गडी गोळा करून आगगाडीने अटलांटाला नेण्यात आले. पहिल्या चरणाअखेर ६३-०, मध्यंतराला १२६-०. असे सांगतात की कंबरलँडच्या एका खेळाडूच्या हातून चेंडू निसटून दुसऱ्यासमोर घरंगळत गेला. पहिला ओरडला, उचल, उचल! दुसरा म्हणाला, तुझ्या हातून पडलाय, तूच उचल. गोष्ट खरी असो वा नसो, त्या दुपारचे सगळे सार तिच्यात आहे.

जॉर्जिया टेकचा प्रशिक्षक होता जॉन हाइझमन. आज अमेरिकेतील सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला मिळणारा करंडक याच्याच नावाने ओळखला जातो. त्याने हे का केले याची दोन कारणे सांगितली जातात. त्याच वर्षीच्या वसंतात कंबरलँडच्या बेसबॉल संघाने त्याच्या संघाला २२-० असे धुतले होते, आणि त्या संघात भाड्याचे व्यावसायिक खेळाडू होते असा त्याचा संशय होता. हा झाला सूड. दुसरे कारण अधिक विचार करण्यासारखे आहे. त्या काळचे क्रीडापत्रकार संघांची थोरवी त्यांनी मोसमात केलेल्या एकूण गुणांवरून ठरवीत. समोर कोण होते हे कोणी पाहत नसे. ही पद्धत किती मूर्खपणाची आहे हे हाइझमनला त्या पत्रकारांना दाखवून द्यायचे होते. त्याचा मुद्दा बिनतोड होता, हे कबूल केले पाहिजे. पण तो मांडण्यासाठी त्याने कागद म्हणून काय वापरले, तर कंबरलँडची ती मुले.

आमच्या मते खरी खूण इथे सापडते. गुण चढवले जातात ते कोणाला उद्देशून? समोरच्या संघाशी चाललेल्या सामन्यातून जे गुण निघतात ते कितीही असोत, त्यांत अपमान नसतो. पण ते मैदानाबाहेरच्या तिसऱ्या कोणासाठी, म्हणजे पत्रकारांसाठी, विक्रमांच्या पुस्तकासाठी, जुन्या वैराच्या हिशेबासाठी केले जाऊ लागले की समोरचा संघ प्रतिस्पर्धी उरत नाही. तो सामग्री होतो.

यावर कोणी म्हणेल की मनातला हेतू कोण पाहणार? हेतू पाहण्याची गरज पडत नाही; व्यवस्था पाहिली की पुरते. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये राष्ट्रीय विजेता ठरवताना कितीतरी दशके मतदारांच्या पसंतीला महत्त्व होते, आणि मतदारावर छाप पडते ती मोठ्या फरकाने जिंकल्यावर. १९९८ साली क्रमवारी लावायला संगणकांची जोड दिली गेली तेव्हा त्यांतल्या काही सूत्रांत विजयाचा फरक धरला जात असे. २००२ साली तो काढून टाकण्यात आला. म्हणजे मधल्या चार मोसमांत प्रशिक्षकाने जिंकलेल्या सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला आणखी एक टचडाउन चढवला, तर त्याला दुष्ट म्हणावे की हिशेबी? ज्याने ते सूत्र लिहिले त्याला काहीच न विचारता मैदानावरच्या माणसाला खिलाडूपणाचे पाठ देणे आम्हांला तरी सोयीचे नीतिशास्त्र वाटते.

आपल्या ओळखीच्या फुटबॉलमध्येही हेच आहे, फक्त तिथे सूत्राचे नाव ‘गोलफरक’. गटात दोन संघांचे गुण सारखे झाले की केलेले गोल वजा खाल्लेले गोल पाहून निवाडा होतो. एकदा ही पद्धत स्वीकारली की चौदावा गोल हा तेराव्याइतकाच कामाचा ठरतो. जून २०१९ मध्ये फ्रान्समधील रीम्स येथे अमेरिकेच्या महिला संघाने थायलंडला १३-० असे हरवले तेव्हा जगभर जो गदारोळ झाला त्यात हा मुद्दा अमेरिकेच्या बाजूने मांडला गेला, आणि तो रास्तही होता. तो गटातला पहिलाच सामना होता. पुढे काय वाढून ठेवले आहे हे कोणाला ठाऊक होते? मध्यंतराला गोल अवघे तीन होते. ज्या राखीव खेळाडू नंतर उतरल्या त्यांच्यापैकी मॅलरी प्यू हिचा तो पहिलाच विश्वचषक. तिने गोल करू नये असे तिला कोणी सांगायचे?

मात्र टीकेचा दुसरा अर्धा भाग आम्हांला इतक्या सहज झटकता येत नाही. तो गोलांवर नव्हता, जल्लोषावर होता. नवव्या, दहाव्या गोलनंतर बोटांवर मोजून दाखवणे, मैदानाच्या कडेला जाऊन नाचणे, हे कोणाला उद्देशून होते? थायलंडला नव्हे, हे उघड आहे. ते कॅमेऱ्याला उद्देशून होते. पुरुषांच्या संघाला हे कोणी विचारले असते का, असा प्रतिप्रश्न तेव्हा झाला आणि त्यात तथ्य आहे. पण दुसऱ्याला विचारत नाहीत म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. सामना संपल्यावर अमेरिकी खेळाडूंनी रडणाऱ्या थाई मुलींना जवळ घेतले, हेही नोंदवले पाहिजे. पाच दिवसांनी थायलंड स्वीडनकडून ५-१ असा हरला. तो एक गोल अगदी शेवटी झाला, आणि थाई संघाची व्यवस्थापिका ओक्साबोक्शी रडली. एवढ्या दारुण स्पर्धेत तो एक गोल तिला काय वाटला असेल! अमेरिकेने आदल्या सामन्यात शेवटी शेवटी मुद्दाम ढिलाई करून एखादा गोल होऊ दिला असता, तर तो असा रडवणारा झाला नसता याबद्दल आम्हांला शंका नाही.

याच्या शेजारी ८ जुलै २०१४ चा बेलो होरिझोंतेचा सामना ठेवून पाहावा. विश्वचषकाची उपांत्य फेरी, घरच्या मैदानावर ब्राझील, आणि मध्यंतराला जर्मनी ५-० ने पुढे. त्यांतले चार गोल सहा मिनिटांत. माट्स हुमेल्सने नंतर सांगितले की मध्यंतरात संघाने ठरवले होते, गांभीर्याने खेळत राहायचे, पण समोरच्याला हिणवायचे नाही, करामती दाखवायच्या नाहीत. त्याप्रमाणे ते खेळले. आणि तरी त्यांनी आणखी दोन गोल केले! ‘थांबा’वाद्यांच्या हिशेबात हा दुटप्पीपणा ठरेल. आम्हांला तो खिलाडूपणाचा उत्तम नमुना वाटतो. सातवा गोल इतका देखणा होता की त्याला ब्राझीलच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या दिल्या. ज्यांच्या छातीवर घाव बसला त्यांनीच घावाला दाद दिली, यापेक्षा वेगळे प्रमाणपत्र काय हवे?

आता आपल्याकडे वळू, कारण इथवरचे सगळे दुसऱ्याच्या अंगणातले होते आणि दुसऱ्याच्या अंगणातले नीतिशास्त्र नेहमीच स्वस्त पडते.

१९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीत अमेरिकेला २४-१ असे हरवले. रूपसिंगचे १० गोल, ध्यानचंदचे ८. हे आपण सामान्यज्ञानाच्या पुस्तकात अभिमानाने पाठ केलेले आहे. जागतिक मंदीमुळे त्या स्पर्धेला हॉकीचे अवघे तीन संघ आले होते हे पाठ केलेले नाही. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत आपण हाँगकाँगवर २६ गोल चढवून तो ८६ वर्षांचा विक्रम मोडला, आणि त्याच स्पर्धेच्या उपांत्य फेरीत मलेशियाकडून शूटआउटमध्ये हरलो. कॉफ्स हार्बरच्या ऑस्ट्रेलियाचेही तेच झाले. त्या गटातल्या चार सामन्यांत ६६ गोल करून त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते उरुग्वेकडून हरले आणि विश्वचषकाला मुकले. सव्वीस काय आणि एकतीस काय, पुढच्या सामन्यात ते उपयोगी पडत नाहीत.

पण आपला खरा धर्म क्रिकेट, आणि त्यातही मुंबईचे शालेय क्रिकेट. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शिल्डच्या उपांत्य सामन्यात शारदाश्रमच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. डाव घोषित करा अशा खुणा आचरेकर सरांचे साहाय्यक सीमेवरून करीत होते आणि ही दोघे तिकडे पाहायचेच टाळत होती, हा किस्सा खुद्द सचिनने सांगितलेला आहे. आपण तो ऐकून हसतो. आम्हीही हसलो आहोत. पण किस्सा नीट ऐकला तर त्यात एक मोठा माणूस ‘पुरे’ म्हणत होता आणि दोन मुलांनी ते ऐकले नाही, एवढेच आहे. मुलांचे सोडून द्या. चौदा-सोळा वर्षांच्या मुलांनी ऐकू नये हेच स्वाभाविक. शिवाय त्या दिवशी मार खाणाऱ्या गोलंदाजांत साईराज बहुतुले होता, जो पुढे भारताकडून कसोटी खेळला. म्हणजे समोरचा संघ खराखुरा होता. सामना होता.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला झाला त्याला सामना म्हणावे का, याविषयी मात्र आम्हांला दाट शंका आहे. के. सी. गांधी शाळेच्या प्रणव धनावडेने आर्य गुरुकुल शाळेविरुद्ध नाबाद १००९ धावा केल्या. १८९९ पासून उभा असलेला कॉलिन्सचा नाबाद ६२८ धावांचा विक्रम मोडला. संघाच्या धावा ३ बाद १४६५. समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले; पराभव एक डाव आणि १३८२ धावांनी. त्या वेळच्या बातम्यांत आले होते की आर्य गुरुकुलचे नेहमीचे खेळाडू परीक्षेमुळे आलेच नव्हते. उतरली ती लहान मुले होती, आणि त्यांतली काही चामड्याच्या चेंडूने पहिल्यांदाच खेळत होती. सीमारेषाही अगदी जवळ होती.

हे वाचताना कॉफ्स हार्बरची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. अमेरिकन सामोआच्या मूळ संघातल्या वीस जणांपैकी एकाच्याच पासपोर्टची अट पूर्ण होत होती, बाकीचे अपात्र ठरले. वीस वर्षांखालच्या संघातून मुले घ्यावीत तर त्यांच्या शाळेच्या परीक्षा होत्या. शेवटी पंधरा वर्षांची तीन मुले धरून कसाबसा संघ उभा केला. कंबरलँडचा तर संघच बरखास्त झालेला होता. तीन देश, तीन खेळ, शंभर वर्षांचे अंतर, आणि तिन्ही ठिकाणी एकच घडले. हरणारा संघ मैदानात आलाच नव्हता. त्याच्या नावाचा सदरा घालून दुसरेच कोणी आले होते. हे महाविक्रम बलवानाच्या बळाची मोजणी करीत नाहीत. समोरची जागा किती रिकामी होती याची ती मोजणी आहे. दोष द्यायचाच तर ती जागा रिकामी आहे हे दिसत असूनही शिट्टी वाजवून खेळ सुरू करणाऱ्याला द्यावा.

प्रणवची काहीच चूक नव्हती. समोर चेंडू येत होता आणि तो मारीत होता. पहिल्या दिवसअखेर तो ६५२ धावांवर नाबाद होता. म्हणजे कॉलिन्स मागे पडून गेला होता. तिथे थांबणे शाळेच्या मोठ्या माणसांच्या हाती होते. दुसऱ्या दिवशी डाव पुढे चालू ठेवण्यात सामन्याच्या निकालाचा काय संबंध होता? तो हजारासाठी होता, कॅमेऱ्यांसाठी होता, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानासाठी होता. आणि त्या हजाराचे ओझे कोणावर पडले हेही पाहावे. मुंबई क्रिकेट संघटनेने त्या मुलाला शिष्यवृत्ती दिली. पुढच्याच वर्षी, अपेक्षेप्रमाणे खेळ होत नाही म्हणून ती तूर्त थांबवावी अशी विनंती त्याच्या वडिलांनी स्वतःहून केली. इतका सरळपणा त्या दोन दिवसांत मैदानाभोवती जमलेल्या मोठ्यांपैकी कोणी दाखवला असता तर!

हरणाऱ्यांनी काय करावे, याचेही एक उदाहरण आपल्या दारातच आहे. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्याला रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२ चा विश्वविक्रम नऊ धावा दूर होता. धावफलक ४ बाद ८२६. खेळाच्या मधल्या विश्रांतीत काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी डाव घोषित करण्याचा आग्रह धरला. नाहीतर आम्ही निघालो. आणि ते निघाले. सामना सोडून देण्यात आला, निंबाळकर ४४३ वर राहिले. त्यांना पुढे एकही कसोटी मिळाली नाही. महाराष्ट्रात ही गोष्ट संस्थानिकाच्या आडमुठेपणाची म्हणून सांगितली जाते, आणि नऊ धावांसाठी एवढे करणे हा आडमुठेपणा होताच. तरी आम्हांला अलीकडे असे वाटू लागले आहे की त्या आडमुठेपणात एक हक्क दडलेला आहे: दुसऱ्याच्या विक्रमाची सामग्री होणे नाकारण्याचा हक्क. ठाकोरसाहेब संस्थानिक होते म्हणून त्यांना तो बजावता आला. कल्याणच्या मुलांना तो कोणी दिला नव्हता. शाळेतल्या मुलाने मैदान सोडले तर त्याला पळपुटा म्हणतात.

नियमांनी हे करता येते, आणि ते फार अवघडही नाही. ओशानिया विभागाने कॉफ्स हार्बरनंतर पुढच्या विश्वचषकाच्या पात्रतेत लहान बेटांची प्राथमिक फेरी वेगळी केली, आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांना थेट पुढच्या फेरीत घेतले. थॉम्पसनचे म्हणणे कोणीतरी ऐकले असे समजायला हरकत नाही. अमेरिकेतील कनेटिकट राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने २००६ साली फुटबॉलमध्ये पन्नासपेक्षा अधिक गुणांनी जिंकणाऱ्या प्रशिक्षकाला एका सामन्याची बंदी घालण्याचा नियम केला. हा नियम आम्हांला पसंत नाही, कारण तो पुन्हा मुलांना ‘आता मुद्दाम नीट खेळू नका’ असेच सांगतो. त्यापेक्षा बेसबॉलच्या अनेक स्पर्धांत असते तशी तरतूद बरी: ठरावीक फरक झाला की पंच सामना संपवतात, विजय पूर्ण मानला जातो, कोणी कोणावर उपकार केल्यासारखे वाटत नाही.

२००१ साली ते एकतीस गोल ज्याच्या मागे जाऊन पडले तो गोलरक्षक निकी सालापू त्यानंतरही खेळत राहिला. २०११ च्या नोव्हेंबरात, सिएटलला राहत असताना त्याला पुन्हा बोलावून घेतले गेले आणि तो आपल्या संघाच्या गोलात उभा राहिला. अमेरिकन सामोआने टोंगाला २-१ असे हरवले. फिफाच्या मान्यताप्राप्त सामन्यातला त्यांचा तो पहिला विजय होता. ती फेरी होती लहान बेटांची. ऑस्ट्रेलिया २००६ मध्येच आशियाई गटात निघून गेला होता.

आमच्याकडच्या आंतरशालेय स्पर्धांचे वेळापत्रक ठरवणाऱ्यांना आमची विचारणा एवढीच आहे की, एखाद्या शाळेचा संघ परीक्षेमुळे येऊ शकत नाही असे कळले तर सामना पुढे ढकलण्याची सोय तुमच्या नियमांत आहे का? आणि मैदानावरच्या पंचाला, समोरची मुले दहा-बारा वर्षांची आहेत हे डोळ्यांनी दिसत असताना, दोन्ही शाळांच्या शिक्षकांना बोलावून खेळ आटोपता घेण्याचा अधिकार आहे का?